अकराव्या तासाचे मजूर

(मत्तय २०:१-१६ वर आधारित चिंतन)



द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा आपले लक्ष त्याच्या शेवटाकडेच जाते. दिवसभर उन्हात राबलेल्यांना एक दीनार आणि तासभर काम केलेल्यांनाही एक दीनार, हा कुठला न्याय, असा प्रश्न आपल्याला पडतो. आज मात्र दाखल्याच्या मधल्या एका छोट्या प्रसंगापाशी थांबू या. मळ्याचा धनी संध्याकाळी पुन्हा एकदा बाजारात येतो. तिथे अजून काही माणसे उभी आहेत. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो त्यांना विचारतो. त्यांचे उत्तर अगदी थोडक्यात आहे : आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही.

यहुदी लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत असत. म्हणून अकरावा तास म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे पाच. तासाभराने सूर्य मावळणार आणि काम थांबणार. अशा वेळी मजूर शोधायला कोण येणार? आपल्याकडेही सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात. ठेकेदार येतात, तरुण आणि धडधाकट माणसे निवडून टेम्पोत बसवतात आणि निघून जातात. उरलेले थोडा वेळ वाट पाहून घरची वाट धरतात. पाच वाजेपर्यंत जो उभा राहतो, त्याला एक तर फार गरज असते किंवा रिकाम्या हाताने घरी जायची लाज वाटत असते.

नाक्यावरचा एक माणूस

असाच एक माणूस आपल्या धर्मग्रामात आहे. त्यांचे नाव आम्ही देत नाही. ‘माझे सांगा, दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल,’ असे त्यांनी स्वतःच सांगितले, म्हणूनच हे लिहीत आहोत.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून १९९४ साली ते रुग्णालयांच्या यंत्रांची देखभाल करण्याच्या कामात शिरले. ईसीजी, मॉनिटर, व्हेंटिलेटर, हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर ही त्यांची यंत्रे. मशीन बंद पडले की फोन यायचा. टूल बॅग खांद्यावर टाकून ते विरार लोकल पकडायचे. मल्टिमीटर लावून सर्किट तपासायचे, जळलेला सुटा भाग शोधायचे, सोल्डरिंग करून नवा बसवायचे आणि मशीन पुन्हा सुरू झाल्याचे पाहून रिपोर्टवर सही घ्यायचे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला त्यांचे नाव कधी कळले नाही. पण त्या रुग्णाचा श्वास त्यांच्या हातावर चालला होता. २०२० साली लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी धावत होत्या, तेव्हा हे गृहस्थ त्या गाडीत होते. पीपीई किट घालून कोविड वॉर्डात व्हेंटिलेटरचे सेन्सर बदलत होते. घरी आल्यावर विहिरीपाशी कपडे बदलून, आंघोळ करूनच घरात पाऊल ठेवत होते.

मग काम बदलत गेले. नव्या यंत्रांत बिघडलेला सुटा भाग सहसा कोणी शोधत बसत नाही. अख्खे कार्ड काढून दुसरे बसवले जाते. अनेक यंत्रे नेटवर्कने कंपनीच्या कार्यालयाशी जोडलेली असतात. बिघाड कुठे आहे हे दूर बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसते. जागेवर जाऊन कार्ड बदलण्याचे काम कंत्राटावरचा तरुण मुलगाही करू शकतो, आणि त्याचा पगार कमी असतो. २०२४ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांना एका खोलीत बोलावण्यात आले. वीस मिनिटांत बोलणे संपले. ओळखपत्र आणि लॅपटॉप काढून घेतला. त्या कंपनीत त्यांची एकोणीस वर्षे झाली होती.

घरी ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उठले, डबा घेतला, टूल बॅग उचलली आणि नेहमीची गाडी पकडली. असे दोन महिने चालले. दिवस कधी स्टेशनच्या बाकावर जाई, कधी वांद्र्याला मोत माउलीच्या पायऱ्यांवर. दुपारी डबा खायचा, संध्याकाळच्या गर्दीत घरी यायचे. आपला एक धर्मबंधू अक्षरशः पाच वाजेपर्यंत बाजारात उभा होता, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

ते घरी कळले तेही रुग्णालयातच. पत्नीच्या पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन ठरले होते. काउंटरवर विम्याचे कार्ड दिले. तिथल्या मुलीने संगणकात पाहून सांगितले की ह्या पॉलिसीत आता तुमचे नाव नाही. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबरच संपला होता. ज्या माणसाने तीस वर्षे दुसऱ्यांच्या खाटेशेजारची यंत्रे चालू ठेवली, तो स्वतःच्या पत्नीच्या खाटेसाठी काउंटरवर मान खाली घालून उभा राहिला. पत्नी शेजारीच होती. घरी जाताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, “मला सांगितलं असतं तर डबा तरी इथेच बसून जेवला असतात.”

आता आपल्याविषयी. हे गृहस्थ वर्षानुवर्षे साडेआठच्या मिस्सेला पुढच्या बाकांवर बसत. त्या काळात ते पहाटेच्या मिस्सेला येऊ लागले, शेवटच्या बाकावर बसून शेवटचे गीत सुरू होताच निघून जाऊ लागले. आम्ही हे पाहिले होते. वाचकांच्या यादीतून त्यांनी आपले नाव काढायला सांगितले, तेव्हा आम्ही ते काढले. ‘का?’ हा एक शब्द आम्ही विचारला नाही. ह्या लेखात जे काही पुढे लिहिले आहे, ते ही कबुली दिल्यानंतरच लिहीत आहोत.

ते आळशी नव्हते

ह्या दाखल्यातून पहिली गोष्ट आपण शिकावी ती ही. धनी त्या माणसांचे उत्तर ऐकतो आणि ते खरे मानतो. तुम्ही सकाळी लवकर उठायला हवे होते, असे तो म्हणत नाही. तुमच्यातच काही खोट असेल, असेही म्हणत नाही.

आपण मात्र म्हणतो. कोणाची नोकरी गेली की लग्नाच्या मांडवात कुजबुज होते : काहीतरी भानगड केली असेल; नवीन शिकायला नको का; साहेबाशी पटत नसेल. ही कुजबुज त्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचते. पोहोचली नाही, तरी तो तिची कल्पना करतोच. पन्नाशीनंतर नोकरी गेलेल्या माणसाला मुलाखतीत सांगतात की तुमचा अनुभव आमच्या जागेसाठी जास्त आहे. याचा अर्थ त्याला कळतो : तुमचे वय जास्त आहे. दिवसभर अशी उत्तरे ऐकून घरी आल्यावर आपल्याकडूनही तेच ऐकावे लागले, तर त्याने जावे कुठे?

काही जणांच्या हातून चुकाही झालेल्या असतील. लूकच्या शुभवर्तमानातील कारभाऱ्याला धन्याने काढले, ते त्याच्या उधळपट्टीसाठी (लूक १६:१-८). तरीही त्या कारभाऱ्याच्या मनातील घालमेल प्रभू येशूने किती नेमकी ओळखली आहे! खणायला अंगात बळ नाही आणि भीक मागायची लाज वाटते. मध्यमवयात काम गेलेल्या माणसाचे दुःख याच दोन गोष्टींत आहे. शरीर पूर्वीसारखे राहिलेले नाही, आणि हात पुढे करायची सवय नाही.

दीनार कशासाठी?

दुसरी गोष्ट मजुरीविषयी. एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती, म्हणजे एका कुटुंबाच्या त्या दिवसाच्या गरजेपुरती. पाच वाजता आलेल्या मजुराच्या घरी तासाभराचीच भूक नव्हती. त्याची मुले दिवसभराची उपाशी होती. धन्याने कामाचे तास मोजले नाहीत. त्याने त्या माणसाच्या घराकडे पाहिले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ हे मानवी श्रमाविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी एक मूलभूत शिकवण दिली : काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. कामाचे मोल ते कोणते आहे यावर ठरत नाही, ते करणारा कोण आहे यावर ठरते. आणि ते करणारा परमेश्वराच्या प्रतिमेत घडवलेला माणूस आहे. त्याआधी १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकातून कारखान्यांतील कामगारांची बाजू मांडली होती. ८ मे २०२५ रोजी निवड झालेल्या पोपमहाशयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा त्यामागचे कारण सांगताना त्यांनी ह्याच परिपत्रकाची आठवण केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ह्या काळात माणसाचा मान, न्याय आणि श्रम यांच्यापुढे नवी आव्हाने उभी आहेत, असे ते म्हणाले. आपल्या बांधवाच्या हातातील सोल्डरिंगची पेन्सिल गेली, ती ह्याच बदलात.

इथे आपल्या घरातही डोकावून पाहू या. ‘मी कोण?’ ह्या प्रश्नाला आपण कंपनीचे नाव सांगतो. मुलीचे लग्न जमवतानाही मुलगा कुठे आहे, असे विचारतो, आणि उत्तर म्हणून कंपनीचे नाव ऐकतो. मग ज्या दिवशी ओळखपत्र काढून घेतले जाते, त्या दिवशी माणसाला वाटते की आपल्यातले काहीच उरले नाही. पण बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला नाव मिळाले, हुद्दा नव्हे. ते नाव कोणतीही कंपनी काढून घेऊ शकत नाही.

संत योसेफाकडे पाहा. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा संत योसेफ कामकरी यांचा सण म्हणून दिला. शुभवर्तमानात तो सुतार म्हणून ओळखला जातो. पण त्याने काय काय घडवले, किती कमावले, याचा तिथे एक शब्द नाही. त्याने बाळ येशूला आणि मरियेला सांभाळले, त्यांना घेऊन रातोरात मिसर देशाला गेला, तिथून परतला, हे मात्र आहे. हातातली करवत खाली ठेवून परक्या देशात जावे लागले, तेव्हाही तो योसेफच होता.

एक सावधगिरी बाळगू या. विश्वास ठेवा म्हणजे पहिल्यापेक्षा चांगली नोकरी मिळेल, असे वचन शुभवर्तमान देत नाही. तसे आपण कोणाला सांगू नये. आपल्या ह्या बांधवाला पूर्वीसारखी नोकरी मिळालेली नाही. आज ते आसपासच्या लहान नर्सिंग होममधील ईसीजी, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दुरुस्त करतात. मोठ्या कंपन्या ज्या जुन्या यंत्रांकडे आता पाहत नाहीत, ती त्यांच्या हातात पुन्हा चालू होतात. मिळकत पूर्वीच्या निम्म्याहून कमी आहे. घराचे हप्ते अजून आहेत. धाकट्या मुलाचे शिक्षण बाकी आहे. रात्री झोप येत नाही, असे ते सांगतात. पण त्यांना डबा घेऊन स्टेशनच्या बाकावर बसावे लागत नाही, आणि ते पुन्हा साडेआठच्या मिस्सेला वाचन करतात.

धनी स्वतः बाहेर पडला

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारभारी हाताशी असताना धनी स्वतः बाजारात गेला. सकाळी गेला, नऊला गेला, बाराला आणि तीनला गेला, आणि पाच वाजता पुन्हा गेला. मळ्याच्या दाराशी बसून गरजूंनी यावे, असे त्याने म्हटले नाही. ज्यांना दाराशी यायची लाज वाटते, त्यांना शोधत तो गेला.

आपल्या पूर्वजांनी हे केले होते. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने वसईत बॅसीन कॅथॉलिक सहकारी पतपेढी उभी राहिली. पुढे ती बँक झाली. वाडीतला शेतकरी अडचणीत सापडला, की त्याच्यासाठी आपलेच लोक उभे राहावेत, हा त्यामागचा विचार होता. त्या काळी नड शेतीची होती. आज ती पगाराची आहे. त्या काळच्या लोकांनी आपला पाच वाजताचा फेरा मारला, आपला कधी?

म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे सांगतो.

ज्यांची नोकरी गेली आहे त्यांना : सर्वांत आधी घरी सांगा. संत योसेफाला मिसरला जायचे होते, तेव्हा मरिया त्याच्यासोबत होती. दुसरे, घाईघाईने राजीनाम्यावर सही करू नका. स्वतः राजीनामा देणे आणि कंपनीने कामावरून कमी करणे ह्या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. सही करण्याआधी कागद जाणकाराला दाखवा. सलग पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाली असेल, तर ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत दहा वर्षे भरली असतील तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर ती आधीही घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितकी दरवर्षी चार टक्क्यांनी ती कायमची कमी होते; म्हणून विचार करून घ्या. सामूहिक विमा संपण्याआधीच त्या विमा कंपनीला विचारा की वैयक्तिक पॉलिसीत कसे जाता येईल. हे एवढे एक वेळेवर केले असते, तर तो काउंटरवरचा प्रसंग टळला असता, असे आपले बांधव स्वतः सांगतात. आणि हाती आलेली रक्कम दुप्पट करून देणाऱ्या योजनेत, किंवा चारचौघांत मान राहावा म्हणून लग्नाच्या मांडवात घालवू नका.

घरच्यांना : ‘आज काय झाले?’ असे रोज विचारू नका. चांगली बातमी असेल तर ते स्वतःच सांगतील. मुलांनो, बाबा दिवसा घरी दिसले तर त्यांना घरकामाची यादी देण्याआधी त्यांच्याजवळ बसा.

आपल्यातील अधिकाऱ्यांना आणि धंदेवाल्यांना : जाहिरातीत ‘पस्तीस वर्षांच्या आतील’ असे लिहिण्यापूर्वी थोडे थांबा. त्या कामाला खरोखरच वयाची अट लागते का? कोणाला कमी करणे टाळताच येत नसेल, तर ते समोर बसून सांगा, पुरेसा वेळ द्या, आणि त्याच्या घरच्यांचा विमा किती दिवस चालेल हे त्याला त्याच दिवशी कळू द्या. उद्या आपल्यालाही आपल्या कारभाराचा हिशेब द्यायचा आहे.

आणि आपल्या लहान ख्रिस्ती समूहांना : पुढच्या सभेत आपल्या विभागातील एकेक घर आठवा. कोण मिस्सेची वेळ बदलून येऊ लागले आहे? कोण लग्नाला येत नाही? कोणी मुलांना क्लासमधून काढले आहे? भविष्य निर्वाह निधीचे अर्ज, विमा, कायदा यांची माहिती असलेली माणसे आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांनी महिन्यातून दोन तास दिले, तरी कितीतरी घरांना आधार होईल. ज्यांच्या हातात कसब आहे त्यांना आपल्याकडची कामे द्या, आणि धर्मबंधू म्हणून फुकट करून घेऊ नका. दीनार पूर्ण द्या.

दाखल्याच्या शेवटी सकाळपासून राबलेले मजूर कुरकुर करतात. आपल्यापैकी ज्यांची नोकरी टिकली आहे ते ह्या मजुरांत आहेत. आम्ही कष्ट केले म्हणून आम्हाला मिळाले, असे आपल्याला वाटते. पण सकाळी सहाला ज्यांना काम मिळाले, त्यांनाही धन्यानेच बोलावले होते. दिवसभराची चिंता त्यांच्या वाट्याला आली नाही, ही त्यांची पहिली मजुरी होती.

ह्या आठवड्यासाठी चिंतन

आपल्या विभागात पाच वाजता बाजारात उभे असलेले कोण आहे? ह्या आठवड्यात आपण त्यांच्या घरी जाऊ या. सल्ला देऊ नये. चहा घ्यावा, ऐकावे आणि आपल्याला काय करता येईल हे विचारून यावे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, नासरेथच्या सुतारकामात तू आपले हात मळवलेस. ज्यांच्या हातचे काम गेले आहे त्यांच्याकडे कृपादृष्टीने पाहा. त्यांच्या घरात रोजची भाकरी आणि रात्रीची झोप दे. ज्यांना आम्ही पाहिले पण विचारले नाही, त्यांच्याबद्दल आम्हाला क्षमा कर. अकराव्या तासालाही बाहेर पडणारे तुझे पाऊल आमच्या पायांत येऊ दे. संत योसेफा, कामकऱ्यांच्या आश्रयदात्या, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.